खाऱ्या मुलखातील गोडे पाणी

वऱ्हाडच्या इतिहासाची पुस्तके चाळू लागले म्हणजे गाविलगड-नरनाळ्याचे किल्ले, इमादशाहीचा उदयास्त, सिंदखेडच्या जाधवरावांचा दरारा, निजामाचा अंमल आणि कापसाचा व्यापार यांविषयी हवी तितकी माहिती सापडते. परंतु या मुलखातील सामान्य मनुष्य वैशाखातल्या भर दुपारी आपली तहान कशी भागवीत असे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकांत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. राजे आले आणि गेले. तहान मात्र दर उन्हाळ्यास आली, आणि तिची काही तरी तरतूद दर पिढीस करावीच लागली. ही तरतूद करणारांत राजेरजवाडे थोडे, कुणबी, माळी आणि भोई पुष्कळ. म्हणूनच कदाचित तिची बखर कोणी लिहिली नसावी.

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न प्रथम पडला तो ग्रंथालयात नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णेच्या काठापासून कोस-दीड कोसावर आमच्या आत्याचे गाव आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असता एका उन्हाळ्यात तेथे गेलो. एस्. टी. मधून उतरून रणरणत्या उन्हातून घरी पोहोचताच ओसरीवरचा तांब्या तोंडाला लावला आणि पहिलाच घोट थुंकून टाकला. पाणी खारट होते. मी रडकुंडीस आलेला पाहून आत्या हसली व कोनाड्याखालच्या गारव्यातून एक टरबूज काढून विळ्यावर कापीत म्हणाली, “पानी कायले मांगतं बापू, हे फोड खाय अगुदर.” त्या लाल फोडीने तहान जी भागली ती अद्याप आठवते. पुढे आठ दिवस मी पाणी थोडे आणि काकडी, खरबूज, टरबूज अधिक, अशा बेताने काढले.

अलीकडे नगरांतील सुशिक्षित घरांतून आहाराविषयीची चर्चा पुष्कळ वाढली आहे, आणि तीत पाणीदार फळे व भाज्या भरपूर खाव्यात म्हणजे शरीरास पाणी कमी पडत नाही, हा उपदेश वारंवार ऐकू येतो. उपदेश चांगला आहे. परंतु ज्या मुलखात तो कोणी न सांगताच शेकडो वर्षे पाळला गेला, त्या मुलखाचा अनुभव काय सांगतो हे पाहिल्याखेरीज त्याची खरी किंमत कळावयाची नाही. तो अनुभव पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग केलेले आढळतात. हे दोन्ही भाग ज्यात स्पष्ट दिसतात असा बुलढाणा जिल्हा आहे. अजिंठ्याच्या डोंगराची रांग त्यास मधोमध आडवी गेली आहे. वर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार हा घाटावरचा प्रदेश. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा प्रदेश. घाटावर काळा पाषाण आहे, पाणी खोल आहे, परंतु जेथे लागते तेथे ते बहुधा गोडे असते. म्हणून तेथील सत्ताधीशांनी पाणी साठविण्याचे उद्योग केले. सिंदखेडचे मोती तलाव व चांदणी तलाव, तसेच तेथील सजना बारव व पुतळा बारव पाहिल्या म्हणजे जिजाबाईंच्या या माहेरगावी पाण्यास केवढा मान होता याची साक्ष पटते.

लोणारची गोष्ट तर विलक्षणच आहे. उल्कापाताने झालेल्या त्या प्रचंड विवरातील सरोवराचे पाणी इतके क्षारयुक्त की ते तोंडात घेववत नाही. अबुल फजलाने ‘आइन-इ-अकबरी’त या ठिकाणाचा उल्लेख करताना साबण व काच करण्यास लागणारा क्षार येथे मिळतो असे नमूद केले आहे. आणि त्याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते व यात्रेकरू तिच्याखाली स्नान करतात. खारे आणि गोडे यांचा हा शेजार लोणारास कौतुकाचा विषय झाला. घाटाखाली मात्र तोच नित्याचा जाच होऊन बसला आहे.

घाटाखालील पूर्णा ही सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे वाहते व चांगदेवाजवळ तापीस मिळते. तिच्या दोहों काठांस खोल गाळाची काळी जमीन पसरली आहे. ही जमीन कापसाला कामधेनू. पण तिच्या पोटातले पाणी खारे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यास लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. त्यात सुमारे नऊशे गावे आणि साडेचार लक्ष हेक्टरांहून अधिक जमीन येते. चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, ऊन प्रखर, पाऊस बेताचा. त्यामुळे क्षार खाली वाहून न जाता साचत राहिले. विहीर खणावी तो पाणी लागते, परंतु त्यात डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही आणि पाहुण्यास ते पुढे करताना यजमानास संकोच वाटतो.

हा खारटपणा किती असावा? १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याची चळवळ देशभर उसळली, तेव्हा वऱ्हाडात समुद्र कोठून आणावयाचा, हा प्रश्नच पडला नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे सत्याग्रह्यांनी खाऱ्या विहिरींचे पाणी काढून त्याचेच मीठ केले. समुद्रापासून इतक्या दूर विहिरीच्या पाण्याने कायदेभंग व्हावा, यात देशभक्तांस आनंद झाला असेल. पण ज्या गृहिणींस अशाच विहिरींवर घागरी घेऊन जावे लागे, त्यांस त्यात नवल ते काय वाटले असेल!

या भागात पाण्याचे मोल काय होते, हे शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पोथीतील एका कथेवरून कळते. अकोलीच्या शिवारात भर उन्हात महाराज भास्कर पाटलाजवळ पाणी मागतात, आणि तो ते साफ नाकारतो. कारण पिण्यापुरते पाणी तो गावाहून स्वतः डोक्यावर वाहून आणीत असे. पुढे कोरड्या विहिरीस पाणी लागते, तो भाग श्रद्धेचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते त्या नकाराकडे. अतिथीस पाणी न देणे हे आपल्या समाजात मोठे पाप; तरीही त्या शेतकऱ्यास नाही म्हणावेसे वाटले, आणि श्रोत्यांसही त्याचा राग येण्यापूर्वी त्याची अडचण समजते, यातच त्या मुलखाची सगळी स्थिती आली.

अशा ठिकाणी फळास निराळेच महत्त्व यावे हे स्वाभाविक होय. काकडी तर आपल्याच देशची. तिची रानटी, कडू जात हिमालयाच्या पायथ्याशी अद्याप आढळते. आणि वेदांतील मृत्युंजयाच्या मंत्रात मृत्यूच्या बंधनातून सुटण्यास देठावरून सुटणाऱ्या उर्वारुकाची, म्हणजे काकडीच्या जातीच्या फळाची उपमा दिली आहे, हे आपल्या नित्यपाठातले आहे. टरबूज मात्र आफ्रिकेचे. इजिप्तमधील तुतनखामेन राजाच्या थडग्यात त्याच्या बिया सापडल्या. बायबलात इस्रायली लोक मरुभूमीतून जात असता इजिप्तच्या काकड्या आणि खरबुजे आठवून कुरकुर करतात. लिव्हिंग्स्टन याने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवले आहे की, कलाहारीच्या निर्जल मैदानात पाऊस चांगला झाला म्हणजे रानटी कलिंगडांनी जमीन झाकून जाते आणि मनुष्य व श्वापदे दोघेही त्यांवर तहान भागवितात. ज्या भूमीत पाण्याची वाण, तेथेच निसर्गाने हे फळ जन्मास घातले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नावांचा इतिहासही मनोरंजक आहे. पुण्या-मुंबईकडचे ‘कलिंगड’ हे संस्कृत ‘कालिंग’ शब्दाशी नाते सांगते. वऱ्हाडातले ‘टरबूज’ आणि त्याचे भावंड ‘खरबूज’ हे शब्द फारसीतून आले. ‘डांगर’ म्हणजे कोठे खरबूज तर कोठे लाल भोपळा, त्यामुळे परगावच्या बाजारात चांगलीच फजिती होते. या शब्दांबरोबर उत्तरेकडील खवय्येगिरीही आली. हिंदुस्थानात चांगली खरबुजे नाहीत अशी तक्रार बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. आणि एकदा खरबूज कापून खाताना मायदेशाच्या आठवणीने आपले डोळे भरून आले, असे त्याने एका पत्रात लिहिले. बादशहास ते फळ विरहाचे स्मरण. आमच्या भोयास ते चार महिन्यांचे पोट. एकाच फळाचे हे दोन इतिहास आहेत. आपणास येथे दुसऱ्याशी कर्तव्य आहे.

पावसाळा सरून नदीचे पाणी ओसरले म्हणजे पात्रात वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. भोई, ढीवर वगैरे नदीवर उपजीविका करणारे लोक या वाळूत वाड्या घालीत. रसेल याने मध्यप्रांतातील जातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही ढीवरांच्या या उद्योगाचा उल्लेख आहे. रीत अशी: वाळूत ओल लागेपर्यंत चर किंवा आळी खणावयाची, त्यांत शेणखत भरावयाचे आणि बी टोकावयाचे. वेल लहान आहे तोवर घागरीने पाणी घालावे लागते. वाऱ्याच्या बाजूस तुराट्या-पऱ्हाट्यांचा आडोसा करावा लागतो. एकदा मुळ्या खालच्या ओलीस पोहोचल्या की वेल आपले पाणी आपण शोधतो. फाल्गुन-चैत्रात फळे धरतात, आणि नेमक्या ज्या महिन्यांत विहिरीचे पाणी तळास जाऊन अधिकच मचूळ होते, त्या महिन्यांत ही फळे बाजारात येतात.

आता एक शंका कोणीही घेईल. खाऱ्या प्रदेशात फळ गोडे कसे? याचे उत्तर दोन प्रकारचे आहे. वनस्पतीच्या मुळ्या पाणी घेताना क्षार पुष्कळसे बाहेर ठेवतात हे खरे. परंतु क्षार फार झाल्यास वेल जळून जातो, हेही तितकेच खरे. खारपाणाच्या विहिरीवर टरबुजाचा मळा सहसा फुलत नाही. वाडीचे रहस्य हे की, नदीच्या वाळूतील ओल ही पावसाची, सातपुड्याकडून वाहून आलेली गोडी ओल असते. श्रावण-भाद्रपदातील पुराचे पाणी चैत्र-वैशाखापर्यंत राखून ठेवणारी ती एक प्रकारची कोठीच होय. फळ हे त्या कोठीतून भरून आणलेले भांडे. शेतांतही हाच न्याय. ज्वारीच्या तासांतून वाळके आणि काकड्या लावाव्यात, शेंदाडे आपोआप उगवावीत, आणि राखणीस गेलेल्या पोरांनी दिवसभर तीच खाऊन तहान मारावी, हा प्रकार वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. हे पाणीही पावसाचेच. विहिरीस न विचारता मिळालेले.

या भांड्यात पाणी किती असते, ते आधुनिक रसायनशास्त्राने मोजले आहे. काकडी व दुधी भोपळा यांत शंभर भागांत सुमारे पंचाण्णव भाग पाणी, ज्यास वऱ्हाडी लोक ‘भेदरं’ म्हणतात त्या टोमॅटोत चौऱ्याण्णव, टरबुजात एक्याण्णव-ब्याण्णव, खरबुजात नव्वद, कांद्यात एकोणनव्वद आणि संत्र्यात सत्याऐंशीच्या आसपास. सामान्यतः मनुष्यास दिवसाकाठी लागणाऱ्या एकंदर पाण्यापैकी पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक अन्नातून मिळतो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भाकरी-कांदा खाऊन वर चार काकड्या मोडणाऱ्या कुणब्याच्या बाबतीत हा हिस्सा वाढत असला पाहिजे, हे उघड आहे. शिवाय हे पाणी एकदम पोटात न जाता चोथ्याबरोबर सावकाश जाते, त्यामुळे ते शरीरास हळूहळू मिळत राहते.

परंतु घामावाटे केवळ पाणी जात नाही, मीठही जाते. आणि या फळांत सोडियम जवळजवळ नसतोच. काकडीस मीठ लावून खाण्याची, पन्ह्यात आणि ताकात मीठ घालण्याची आपल्याकडील जुनी रीत केवळ रुचीसाठी आहे असे वाटत असल्यास ती समजूत सोडून द्यावी. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले. मीठ व साखर जोडीने असली म्हणजे आतडे पाणी त्वरेने शोषून घेते, हे त्यातील तत्त्व. उन्हातून आलेल्याच्या हातावर टरबुजाची गोड फोड आणि मीठ लावलेली काकडी ठेवणाऱ्या आजीबाईस हे तत्त्व ठाऊक नव्हते; तिला त्याचा परिणाम मात्र ठाऊक होता.

पटकीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात काकडी-खरबुजांवर पटकीचा आरोप होता. युरोप-अमेरिकेतील नगरांतूनही साथीच्या दिवसांत फळे विकण्यास बंदी होई. पुढे स्नोने १८५४ साली लंडनमध्ये पाण्याकडे बोट दाखविले आणि कॉखने १८८४ साली कलकत्त्यास या रोगाचे जंतू शोधून त्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा फळ निर्दोष ठरले. दोष होता तो ते कापणाऱ्या सुरीचा आणि त्यावर शिंपडलेल्या पाण्याचा. साल अखंड आहे तोवर टरबुजातले पाणी हे त्या काळच्या कोणत्याही पाणवठ्यापेक्षा स्वच्छ असे. घाट उतरून पायी जाणारा वारकरी असो की बैलगाडीने सरकी नेणारा गाडीवान, झाडाखाली बसून आपल्या हाताने फोडलेले फळ त्यास परगावच्या विहिरीहून निर्धोक होते. लोकांच्या सवयीत पुष्कळदा शहाणपण असते. ते नेहमी त्यांनी सांगितलेल्या कारणात असतेच असे नाही.

या शहाणपणाच्या मार्गात पहिला अडथळा आला तो समृद्धीचा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. लोहमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याने खामगावास येऊन तेथील शाखामार्ग खुला केला. खामगावचा कापूसबाजार हिंदुस्थानात नावाजला. पैसा आला, माड्या चढल्या. परंतु पिण्याचे पाणी होते तेथेच राहिले. गाळाच्या जमिनीतून गठ्ठे निघाले, गोडे पाणी निघाले नाही. ज्या पिकास बाजार, त्याकडे सरकारचे आणि सावकाराचे लक्ष; भोयाची वाडी आणि ज्वारीतले वाळूक यांस ना सारा मोठा, ना पत मोठी. तेव्हापासून तहानेची तरतूद ही सरकारी हिशेबाबाहेरची गोष्ट होऊन बसली.

मग आले दुष्काळ. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा, ज्यास संवत् १९५६ वरून ‘छप्पन्नचा’ म्हणतात तो, दुसरा. १८९१ च्या शिरगणतीत त्या वेळच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लक्ष ८१ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ४ लक्ष २४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी शंभरी बारा माणसे कमी झाली. काही देशोधडीस लागली, काही उपासाने आणि साथींनी गेली. अशा वेळी पाणीदार फळांनी काय केले? काही करू शकली नाहीत. पाऊस नाही म्हणून पूर नाही, पूर नाही म्हणून वाळूत ओल नाही, ओल नाही म्हणून वेल नाही. चांगल्या सालात जे फळ विहिरीची उणीव झाकते, ते वाईट सालात विहिरीच्या आधी आटते.

याची प्रत्यक्ष साक्ष आमच्या आत्यापाशी होती. १९७२ च्या दुष्काळात ती नवीन सासुरवाशीण होती. लाल मिलोच्या भाकरीची आणि खडी फोडण्याच्या कामाची हकीगत ती सांगे, तशीच नदीचीही. “त्या साली वाडीच झाली नाही,” असे ती म्हणे, आणि या एका वाक्यावर थांबे. मला लहानपणी त्यात विशेष काही वाटले नाही. वाडी न होणे म्हणजे खारट पाण्यावाचून दुसरे काहीच न उरणे, हा त्याचा अर्थ फार उशिरा उमगला.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा की, फळ हे पाण्याचे उत्तम पात्र आहे. ते पाण्याचा उगम नव्हे. हे ध्यानात न घेता केलेला उपदेश अर्धाच ठरतो. पाण्याचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांनी काढलेली जगाची सरासरी पाहा. एक किलो टरबूज पिकविण्यास सुमारे २३५ लिटर, एक किलो काकडीस ३५३ लिटर आणि एक किलो संत्र्यास ५६० लिटर पाणी खर्ची पडते. त्यातून खाणाऱ्याच्या पदरात एक लिटरही पडत नाही. जे पाणी पुराबरोबर वाहून जावयाचे किंवा वाळूतून उडून जावयाचे, त्यावर वाडी घातली तर हा व्यवहार शंभर हिश्शांनी फायद्याचा. तेच फळ जमिनीच्या पोटातले पाणी उपसून काढले तर हिशेब उलटतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तीवर संत्र्यांच्या सुंदर बागा आहेत. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून आणविले असे जे परंपरा सांगते, त्या फळाने या पट्टीस पैसा आणि नाव दिले. पण दूरच्या नगरात जाणारी संत्र्याची प्रत्येक पेटी म्हणजे पायथ्याच्या पाण्याचा एक अंश गावाबाहेर जाणे होय, हे विसरून चालणार नाही. कारण त्याच बागेपासून थोड्या कोसांवर खाली खारपाण सुरू होते.

सुदैवाने आता वान नदीवरील धरणाचे गोडे पाणी नळांनी खारपाणातील पुष्कळ गावांस मिळू लागले आहे. परंतु दुसरीकडे नदीतील वाळू इमारतींसाठी उपसली जात आहे. वाळू गेली की ओल गेली, ओल गेली की वाडी गेली. ज्या कोठीने भोयांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, ती आपण ट्रकांत भरून विकीत आहो.

आणि आता या विषयातील सर्वांत कष्टाची गोष्ट. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने पीडलेली माणसे घरोघर आढळू लागली आहेत. लोक बोट दाखवितात ते पाण्याकडे. तज्ज्ञ त्याबरोबर ऊन, मधुमेह आणि रक्तदाब यांचाही विचार करावयास सांगतात. एवढे मात्र कोणासही समजेल की, बेचव पाणी मनुष्य कमी पितो आणि उन्हात राबून कमी पाणी पिणाराच्या मूत्रपिंडावर ताण पडतो. पाणीदार फळांची खरी गरज याच माणसास. पण एकदा मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे फळांतील पोटॅशियम शरीराबाहेर टाकता येत नाही, ते हृदयास घातक होते, आणि वैद्य टरबूज, संत्रे, भेदरे ही सर्व बेतानेच खावयास सांगतात किंवा अजिबात वर्ज्य करतात. पाणीदेखील मोजून प्यावे लागते. ज्यास जन्मभर चांगले पाणी मिळाले नाही, त्यास शेवटी फळातलेही बंद व्हावे, यापरता दैवदुर्विलास कोणता?

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावी गेलो होतो. आत्या आता नाही. आतेभाऊ माझ्याच वयाचा. आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी त्यास शहरी जावे लागते. घरात नळ आला आहे, पाणी गोडे आहे. ओसरीवर बसताच त्याने पेला पुढे केला आणि मग आत जाऊन एक टरबूज आणले. ते नदीतले नव्हते. बाजारातून, कोण जाणे कोठल्या मुलखातून आलेले होते. त्याने ते आईसारखेच विळ्यावर कापले, फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि आपण हात धुऊन घेतला. मी खाण्यास कचरत आहे हे पाहून तो म्हणाला, “खाय ना भाऊ. मले पाह्यनं तं मना नाई.”

ती फोड मी खाल्ली, गोडही होती. परंतु तेव्हापासून फळांच्या गुणांवर कोणी बोलू लागला म्हणजे मला त्या खेड्यातील विहीर आठवते. आपल्या मुलाबाळांस काकड्या, कलिंगडे, संत्री अवश्य द्यावीत. उन्हाळ्यात त्यांसारखे पथ्यकर दुसरे काही नाही. मात्र ज्या गावांनी ही युक्ती आपणास शिकविली, त्यांना ती नाइलाजाने शिकावी लागली होती, हे स्मरणात असावे. त्यांस आधी घागरभर गोडे पाणी मिळाले पाहिजे आणि त्यांच्या नदीची वाळू जागच्या जागी राहिली पाहिजे. मग तेथे पुन्हा वाडी होईल, आणि तिचे फळ तहानेच्या धाकाने नव्हे, आवडीने खाल्ले जाईल.